एका बोटाचा, पण घोडा नव्हे

घोड्याच्या पुढच्या पायाची नळी, म्हणजे गुडघ्याखालचं लांब हाड, हातात घेऊन उलटी केली की मागच्या बाजूला दोन बारीक हाडं चिकटलेली दिसतात. वर जाड, खाली निमुळती. नळीच्या साधारण दोन तृतीयांश लांबीपर्यंत येतात आणि संपतात. पशुवैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवताना मी ही हाडं दरवर्षी मुलांच्या हातात द्यायचे. घोडा आज एका बोटावर उभा आहे, पण त्याच्या पूर्वजांना जास्त बोटं होती, त्यांची ही शिल्लक. टांग्याच्या तरुण घोड्याला कधीकधी इथेच सूज येऊन तो लंगडतो, त्यामुळे मुलांनाही ही हाडं विसरता येत नसत.

बोटं गमावण्यात घोड्यालाही मागे टाकणारा एक प्राणी होऊन गेला. त्याच्या नळीला ही लांब हाडं नव्हतीच. वरच्या टोकाशी दोन्ही बाजूंना नुसते गाठीसारखे दोन छोटे तुकडे, बस्स. मधलं बोट सरळ, त्याच्या टोकाला एक खूर. त्याचं नाव थोआथेरियम. दक्षिण अमेरिकेच्या पार दक्षिण टोकाला, आजच्या अर्जेंटिनाच्या सांता क्रूझ प्रांतात, सुमारे १.७ कोटी वर्षांपूर्वी तो राहत होता. वजन वीस-पंचवीस किलो, म्हणजे आपल्याकडच्या चिंकाऱ्याएवढं. तो घोडा नव्हता. घोड्याचा पूर्वजही नव्हता. त्या काळात घोडे उत्तर अमेरिकेत होते, त्यांना अजून तीन-तीन बोटं होती, आणि दोन्ही खंडांमध्ये समुद्र होता.

निवृत्तीनंतर मी जे वाचत बसते त्यात हे दक्षिण अमेरिकी खूरवाले प्राणी सगळ्यात वर आहेत. कारण ज्या गोष्टीवर आपल्या पाठ्यपुस्तकांतला उत्क्रांतीचा एक अख्खा धडा उभा आहे, ती गोष्ट हे प्राणी सुटी करून दाखवतात. धडा सगळ्यांना माहीत आहे. घोड्याचे पूर्वज लहान होते, जंगलात राहून कोवळी पानं खायचे, पायाला अनेक बोटं होती. मग हवामान कोरडं झालं, गवताळ मैदानं पसरली. गवत चरबट, म्हणून दाढा उंच झाल्या. मैदान उघडं, पळायला हवं, म्हणून बोटं कमी झाली. गवत, दाढा, खूर, तिघं एका माळेत ओवलेले. उत्तर अमेरिकेतल्या घोड्यांपुरतंसुद्धा हे इतकं सरळ नाही, पण माळ डोक्यात पक्की बसते. दक्षिण अमेरिकेत ती दोन ठिकाणी तुटते. एकदा पायाच्या बाजूने, एकदा दाढांच्या बाजूने.

आधी पाय. थोआथेरियमचा पाय खालून वर पाहत गेलं तर खुरापासून नळीपर्यंत घोड्याचीच आठवण येते. पण वरती सरकलं की चित्र बदलतं. घोड्याच्या मागच्या पायात पोटरीचं बाहेरचं हाड जवळजवळ नाहीसं झालंय, गुडघ्याखाली एक काडी उरते आणि मध्येच संपते. थोआथेरियममध्ये ते पूर्ण आहे, थेट घोट्यापर्यंत येतं आणि टाचेच्या हाडाला टेकतं. हे टाचेशी जुळणं घोड्यात नाही, उलट गाय-शेळीच्या गोत्रात आहे. पुढच्या पायातही कोपराखालची दोन्ही हाडं वेगवेगळी आहेत. घोड्यात ती एकजीव होतात. घोट्यातलं मुख्य हाड पाहिलं तर घोड्यात त्याचं खालचं टोक सपाट, आणि या प्राण्याच्या सगळ्या गोत्रात ते चेंडूसारखं गोल. मला या एका हाडासाठी तासभर द्यायला आवडेल. नुसतं ते समोर ठेवलं तर घोड्याचं नाही हे पशुवैद्यकाचा दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल.

म्हणजे खूर आणि नळी यांनी घोड्यापेक्षा पुढची मजल मारली होती, आणि त्याच पायाच्या वरच्या भागात जुनी घडण तशीच होती. पायाच्या टोकाशी असलेलं वजन पुढेमागे हलवायला सगळ्यात महाग पडतं, म्हणून तिथलं वजन कमी केलं की प्रत्येक पावलाला शक्ती वाचते. हे तत्त्व दोघांनाही लागू. घोड्यांच्या बाबतीत वाढत गेलेलं शरीराचं वजन हेही मधलं बोट जाड होण्याचं एक कारण सांगितलं जातं. वीस-पंचवीस किलोच्या प्राण्याला ते कारण पुरत नाही. थोआथेरियमच्या भागात फोरुसऱ्हाकोससारखे न उडणारे, माणसाहून उंच शिकारी पक्षी होते, पायांनी धावत येणारे. पोटाला पिशवी असणाऱ्या प्राण्यांच्या जवळचे मांसभक्षक सस्तनही होते, बोऱ्हायेना त्यांतला एक. पण ते फार लांब पल्ला धावणारे नव्हते. पायाच्या हलकेपणामागे जर शिकारी असतील, तर मी आधी पक्ष्याचं नाव घेईन.

आता तोंड. जनावर पाहताना मी दातांपासून सुरुवात करते, ती सवय बैलबाजारात लागली. आदत, दोनदाती, चारदाती, जुळलेला. बाजारातला शेतकरी जबडा उघडून एका नजरेत वय सांगतो आणि बहुतेक वेळा बरोबर सांगतो. घोड्याचं तर अर्धं आयुष्य दाढांत लिहिलेलं असतं. घोड्याची दाढ दिसते तेवढी नसते. तरुण घोड्यात सात-आठ सेंटिमीटर उंचीचा तिचा भाग जबड्याच्या हाडात दडलेला असतो, आणि घासून जाईल तशी ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकत राहते. म्हातारा घोडा दाढा संपल्या की खंगतो. हिरडीच्या वरचा भाग आणि आतला साठा, हे प्रमाण पाहिलं की प्राण्याने आयुष्यभर किती घासण्याची तयारी ठेवली होती ते कळतं.

थोआथेरियमच्या दाढेत असा साठा नाही. दाढा ठेंगण्या आहेत, मुळं वेळेवर तयार होतात, वरती चंद्रकोरीसारख्या कडा. पानं, कोवळे शेंडे, फळं कापून चघळायला योग्य. पुढे वरच्या जबड्यात पटाशीच्या दातांची एकच जोडी. घोड्यासारखी गवत ओढून तोडणारी दातांची पूर्ण रांग नाही. हा प्राणी निवडून खाणारा होता. सांता क्रूझच्या खूरवाल्यांच्या दातांचा आणि जबड्यांचा गेल्या काही वर्षांत बारकाईने अभ्यास झाला आहे, आणि त्यातही याची गणती पाला खाणाऱ्यांतच होते. एका खुराचा, पळण्यासाठी घडलेला, आणि तोंडात पाला. पाठ्यपुस्तकातली माळ इथे पहिल्यांदा तुटते.

तो राहायचा कुठे, हे कळलं की हे कोडं थोडं सुटतं. आज सांता क्रूझचा किनारा म्हणजे थंड वारा, कमी पाऊस आणि खुरटी झुडपं. कोयले नदीच्या दक्षिणेला अटलांटिकच्या किनाऱ्यावर ओहोटी लागली की सपाट खडक उघडे पडतात, आणि त्यांत कवट्यांसकट सांगाडे सापडतात. त्याच थरांत होमुनक्युलस नावाचं माकड सापडलंय. झाडावर चढणाऱ्या साळींदराचे नातेवाईक सापडलेत. बेडूक, मोठे सरडे, पाणथळीचे पक्षी. माकड म्हटलं की वर्षभर काहीतरी फळतं-पालवतं असं झाड हवंच. म्हणजे तेव्हा तिथे उबदार, पावसाचा प्रदेश होता. नदीकाठी झाडी आणि मध्ये मोकळ्या जागा. झाडीच्या कडेला चरायचं, धोका दिसला की मोकळ्यावरून सुसाट सुटायचं. अशा जागी पाला खाणारं तोंड आणि धावणारा पाय एकत्र नांदू शकतात. यासाठी अथांग गवताळ मैदान लागत नाही.

त्याच जागी त्याचा थोराड भाऊबंद डायाडिआफोरसही होता. त्याला तीन बोटं, पण बाजूची दोन बोटं लहान, जमिनीला जेमतेम पोचणारी किंवा न पोचणारी. खाणं त्याचंही पाल्याचंच. म्हणजे एकाच कुळात, एकाच काळात, एकाच नदीच्या काठावर एक तीन बोटांवर आणि दुसरा एका बोटावर निभावत होता. एक बोट ही कुठली शिखरावरची जागा आणि तीन बोटं म्हणजे अर्ध्या वाटेत राहिलेला प्रवासी, असं इथे म्हणता येत नाही.

या प्राण्याला शास्त्रात आणणारे दोन भाऊ, फ्लोरेंतिनो आणि कार्लोस आमेघिनो. त्यांच्याबद्दल वाचताना मला नेहमी भरून येतं. कार्लोस १८८७ मध्ये पॅटागोनियाला, म्हणजे अर्जेंटिनाच्या दक्षिण भागात, गेला आणि पुढे वर्षानुवर्षं जात राहिला. थंडी-वाऱ्यात, घोड्यावरून, तुटपुंज्या पैशांत तो हाडं गोळा करायचा आणि थोरल्या भावाकडे पाठवायचा. फ्लोरेंतिनो ला प्लाता शहरात पुस्तकं आणि लेखनसाहित्याचं दुकान चालवून त्यावर हा खर्च भागवायचा आणि लिहायचा. १८८७ मध्येच त्याने थोआथेरियमला नाव दिलं. १८८९ मध्ये अर्जेंटिनाच्या जीवाश्म सस्तनांवर त्याचा भलामोठा ग्रंथ आला. दुकानाच्या गल्ल्यावर उभं राहिलेलं हे काम आजही कुणाला ओलांडून जाता येत नाही.

फ्लोरेंतिनोची मतं मात्र ठाम होती. सांता क्रूझचे थर आहेत त्यापेक्षा पुष्कळ जुने आहेत असं तो मानत असे. थर जुने, त्यात एका बोटाचा खूर, मग घोड्यांचं गोत्र इथूनच निघालं असणार, ही त्याची साखळी. थरांचं वय चुकलं म्हणून साखळी तुटली. १८९६ ते १८९९ या काळात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मोहिमा जॉन बेल हॅचरच्या नेतृत्वाखाली पॅटागोनियात गेल्या, आणि त्या संग्रहावर विल्यम बेरीमन स्कॉट यांनी १९१० मध्ये या कुळाचा सविस्तर अभ्यास छापला. त्यातले छापे आज कुणालाही संगणकावर पाहता येतात. घोट्याची, मनगटाची, नळीची रेखाटनं इतकी स्वच्छ आहेत की मी ती मोठी करून शेजारी खरं घोड्याचं हाड ठेवून पाहते. घोड्यापासूनचं वेगळेपण स्कॉट यांनी हाडाहाडांतून दाखवलं.

तरीही फ्लोरेंतिनोला जो वास लागला होता तो पूर्ण खोटा नव्हता. थोआथेरियमच्या गटातल्या अगदी शेवटच्या मोठ्या प्राण्यांपैकी एक मॅक्रॉकेनिया, लांब मानेचा, तीन बोटांचा, ज्याची हाडं १८३४ मध्ये डार्विनला पॅटागोनियातल्या सान हुलियान बंदराजवळ मिळाली, तो हिमयुगाच्या अखेरपर्यंत होता. त्यामुळे त्याच्या हाडांत प्रथिनाचे अंश टिकले. २०१५ मध्ये ती प्रथिनं वाचली गेली, २०१७ मध्ये त्याचा डीएनएही वाचला. उत्तर असं की घोडा, गेंडा आणि टॅपीर यांच्या गटाचे हे सगळ्यात जवळचे नातलग. पण वाटा फुटल्या त्या सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉर संपले त्या सुमारास. तेव्हा घोडा नावाचं काहीच नव्हतं. चुलत घराणी निघाली, पण एक बोट दोघांनी आपापलं, वेगवेगळं कमावलं. म्हणूनच चित्राखाली ‘दक्षिण अमेरिकेचा घोडा’ असं लिहिलेलं दिसलं की मला ते खटकतं. त्या एका शब्दाने वाचक गवत, मैदान, कळप, सगळं आपोआप गृहीत धरतो, आणि त्या प्राण्याच्या तोंडाकडे बघतच नाही.

माळ दुसऱ्यांदा तुटते ती थोआथेरियमच्याही आधी, आणखी उत्तरेला. चुबुत प्रांतात कोल्हुए उआपी सरोवराच्या दक्षिणेला ग्रान बारांका नावाचा एक प्रचंड कडा आहे. थरावर थर, मुख्यतः ज्वालामुखीच्या राखेचे. तिथे नोटोअंग्युलेट नावाच्या खूरवाल्यांचे दात सापडतात. हा दक्षिण अमेरिकेतला सगळ्यात भरभराटलेला खूरवाल्यांचा गट, सशाएवढ्यापासून गेंड्याएवढ्यापर्यंत. त्यांच्यात उंच दाढा सुमारे ३.८ कोटी वर्षांपूर्वीपासूनच दिसू लागतात. पुढे त्यांच्यातल्या कित्येकांच्या दाढांची मुळं बंदच होईनाशी झाली, सशाच्या दातांसारखी आयुष्यभर वाढत राहणारी. घोड्यांच्या उंच दाढांच्या कितीतरी आधी. साहजिकच बराच काळ असं मानलं जात होतं की दक्षिण अमेरिकेत गवताळ मैदानं जगात सगळ्यात आधी आली असणार. दाढा उंच, म्हणून गवत.

मग कुणीतरी खरंच गवत शोधलं. वनस्पतींच्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म खडे तयार होतात, झाड कुजलं तरी ते मातीत राहतात, आणि त्यांच्या आकारावरून गवत की ताड की झाड हे ओळखता येतं. कॅरोलीन स्ट्रॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी ग्रान बारांकाच्या ४.३ ते १.८ कोटी वर्षांच्या थरांतले हे खडे तपासून २०१३ मध्ये निष्कर्ष छापले. गवताळ मैदानं तिथे नव्हतीच. ताडांची आणि इतर झाडांची राई होती. दाढा मात्र उंच होत होत्या. मग दाढा झिजत होत्या कशाने? थरातच उत्तर पडलेलं आहे. राख. पानापानावर बसलेली, ज्वालामुखीच्या काचेचे बारीक तुकडे असलेली राख.

मला हे वाचून आश्चर्य कमी आणि आनंद जास्त झाला, कारण ही गोष्ट मला माण-खटावकडच्या एका धनगरमामांनी फार पूर्वी सांगितली होती. दुष्काळी उन्हाळ्यात त्यांच्या कळपातल्या मेंढ्यांचे दात वयाच्या मानाने फारच झिजलेले होते. मी चाऱ्याबद्दल विचारत होते. ते म्हणाले, “ताई, चाऱ्याचं काय घिऊन बसलाय? अशा दिसात मेंढी गवत कुठं खाती, माती खाती.” गवत मुळापर्यंत खुरडलेलं, प्रत्येक घासाबरोबर धूळ आणि बारीक खडा. मेंढ्यांच्या लेंड्या पाण्यात चोळल्या की तळाशी रेती बसायची. न्यूझीलंडमध्ये १९६० च्या दशकात मेंढ्यांवर झालेल्या अभ्यासांतही हेच निघालं होतं की दातांची झीज पोटात गेलेल्या मातीच्या प्रमाणात वाढते. दात काय खाल्लं ते सांगतात, हे अर्धंच खरं. खाण्याबरोबर आणखी काय तोंडात गेलं, हेही त्यांत मिसळलेलं असतं.

सांता क्रूझमध्येही तेच दिसतं. तिथल्या नेसोडॉन नावाच्या दणकट नोटोअंग्युलेटच्या दाढा चांगल्या उंच आहेत. पण दातांवरचे सूक्ष्म ओरखडे आणि खळगे सूक्ष्मदर्शकाखाली मोजले तेव्हा २००८ च्या एका अभ्यासात तो पाला खाणारा निघाला. पुढच्या दातांच्या झिजेवरून झाडाची साल सोलून खाण्याचाही विचार झाला आहे. एका गावातले दोन रहिवासी, थोआथेरियम आणि नेसोडॉन. एकाचा पाय मैदानी वाटतो, दुसऱ्याची दाढ मैदानी वाटते. खाणं दोघांचंही पाल्याचं.

नेसोडॉनच्या गोत्रातल्या शेवटच्यांपैकी एक आणि सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे टॉक्सोडॉन. टनभराहून जड, पिंपासारखं शरीर, आखूड पाय. डार्विनने १८३३ मध्ये उरुग्वेत याची कवटी अठरा पेन्सना विकत घेतली. ती सापडली तेव्हा शाबूत होती, पण पोरांनी दगड मारून तिचे काही दात पाडले होते. याच्या वरच्या दाढा आतल्या बाजूला धनुष्यासारख्या वळलेल्या, आणि कधीही वाढ न थांबणाऱ्या. गवत खाण्यासाठी याहून तयारीचं तोंड कल्पता येणार नाही. पण दाताच्या थरांतल्या कार्बनच्या प्रकारांवरून प्राण्याने कुठल्या तऱ्हेच्या वनस्पती खाल्ल्या ते ओळखता येतं, आणि २००५ मध्ये छापलेल्या अशा तपासणीत ॲमेझॉनच्या भागातला टॉक्सोडॉन जंगलातला पाला खाणारा निघाला, ब्राझीलच्या बाहिया भागातला मुख्यतः उष्ण प्रदेशातलं गवत खाणारा. तसलेच दात, आणि जिथे जे मिळेल ते खाणं. उंच दाढेने त्याला गवताला बांधून ठेवलं नाही. उलट काहीही खाण्याची मुभा दिली.

थोआथेरियमच्या कुळाने मात्र घोड्यासारख्या उंच दाढा शेवटपर्यंत घेतल्या नाहीत. एका खुराचा थोआथेरियम सांता क्रूझच्या त्या काळानंतर दिसत नाही, पण कुळ चालू राहिलं. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी पनामाची जमीन जोडली गेली. उत्तरेकडून लामा, हरणं, सुळेवाले वाघ आले, आणि खरे घोडेही आले, एका बोटाचे, उंच दाढांचे. जुन्या पुस्तकांत हे आक्रमण म्हणून रंगवलेलं असतं आणि स्थानिक खूरवाले त्यापुढे कोसळले असं म्हटलेलं असतं. पण याच कुळातला निओलिकाफ्रियम हा लहानखुरा प्राणी हिमयुगाच्या उत्तरार्धापर्यंत अर्जेंटिना आणि उरुग्वेत टिकून होता. ठेंगण्या दाढांनी पाला खुडत तो त्याच भूमीवर राहिला जिथे घोडे गवत चरत होते. हिमयुग सरताना तो गेला, मॅक्रॉकेनिया आणि टॉक्सोडॉन गेले, आणि त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेतले ते घोडेही गेले. आज पॅटागोनियात जे घोडे दिसतात ते सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी जहाजांतून आणलेल्यांचे वंशज. कार्लोस आमेघिनो याच घोड्यांवर बसून थोआथेरियमची हाडं शोधत फिरला.